चंद्रीने चाटलेली भिंत

आमच्या घराची दर्शनी भिंत शेजारच्या गाईने चाटली, ही गोष्ट मी ऑफिसात अजून कुणाला सांगितलेली नाही. तिथे मला घरकामातला जाणकार समजतात. हा समज पसरवायला मी बरीच मेहनत घेतली आहे.

खरी जाणकार माझी बायको, मेघना. नागावला आमचं छोटं कौलारू घर आहे, आणि त्या घरातली कुठलीही वस्तू निवृत्त होत नाही, तिची फक्त बदली होते. जुन्या साड्यांची गोधडी होते, फाटक्या गोधडीची पायपुसणी होतात, आणि पायपुसण्यांचं पुढे काय होतं ते विचारायची माझी हिंमत नाही. मोडक्या खुर्चीतून तिने आमच्या लेकीसाठी, ओवीसाठी, चालायला शिकायची गाडी बनवली. एकदा मी माझा निळा शर्ट घरभर शोधत होतो. तो झबलं होऊन माझ्यासमोरच रांगत होता. (झबलं सुरेख झालं होतं. माझ्या अंगावर तो शर्ट कधी तितका शोभला नव्हता.)

ओवीचा पहिला वाढदिवस जवळ आला. तळा गावाहून सासूबाई येणार होत्या. मेघना म्हणाली, "बाहेरच्या भिंतीला चुना मारायला हवा. मी करते. गेल्या वर्षी आतल्या खोल्या मीच केल्या होत्या."

"बाहेरची मी करतो," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "चुना, चिमूटभर नीळ, मूठभर मीठ आणि थोडी भाताची खळ. बाकी काही नको."

"एवढं कळतं मला."

इथे ती थांबली असती तर बरं झालं असतं, पण ओवी रडायला लागली आणि ती आत गेली. मी मोबाइल उघडला. एका व्हिडिओत एक गृहस्थ सांगत होते की जुन्या किल्ल्यांच्या बांधकामात चुन्यात गूळ घालत, म्हणून त्या भिंती लाटांचा मारा सोसत अजून उभ्या आहेत. आमच्या भिंतीवर लाटा येत नाहीत, हे खरं. पण सासूबाई येणार होत्या.

मी गुळाची आख्खी ढेप पाण्यात विरघळवली. खळ थोडी म्हणजे किती हे कळेना, म्हणून पातेलंभर घातली. मिठाचंही तसंच झालं. मग सगळं मनापासून ढवळून दिवसभर कुंचला चालवला. संध्याकाळी भिंत अशी झळाळली की मेघना ओवीला कडेवर घेऊन अंगणात उभी राहिली आणि म्हणाली, "छान झाली हो!"

लग्नानंतर हे वाक्य मी क्वचितच ऐकलं आहे. मी रस्त्यावर जाऊन भिंत लांबूनही बघून आलो.

दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. आधी एक रांग, मग तिच्या शेजारून दुसरी. मी मेघनाला म्हणालो, "पाऊस लांबला की मुंग्या अशाच फिरतात." ती घाईत होती, तिने मान डोलावली.

त्यानंतर आली चंद्री.

चंद्री ही शेजारच्या सुलभाकाकूंची गाय. काकूंच्या वाडीत पर्यटकांसाठी खोल्या आहेत, आणि पर्यटकांना आवडते म्हणून चंद्री मोकळी असते. तिने आमच्या भिंतीला एकदा नाक लावलं, विचार केला, आणि मग चाटायला सुरुवात केली. घाई नाही, गडबड नाही. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, एखादा अनुभवी रंगारी जावा तशी. फरक एवढाच की ती रंग काढत होती.

मी तिला हाकललं. ती वळसा घालून दुसऱ्या टोकाला आली. मी मोटरसायकल आडवी लावली. तिने ती आडवी पाडली. शेवटी मी तिखटाचं पाणी करून भिंतीवर शिंपडलं. त्याने भिंतीवर तांबडे ओघळ आले, आणि तोच हात मी डोळ्याला लावला. मी अंगणातल्या नळाखाली डोकं घालून बसलेलो असताना सुलभाकाकू कुंपणाशी आल्या.

"प्रशांत, काय झालं रे?"

"काही न्हाय काकू. डोळ्यात गेलं."

"मंग आमची चंद्री शिंकतेय का? आन् सकाळधरनं वैरणीला तोंड लावत न्हाय." त्यांची नजर भिंतीवर गेली. खालचा सगळा भाग चाटून मातकट झाला होता. "तुझी भिंत गोड हाय का?"

मी नळ आणखी मोठा सोडला.

इतक्यात ओवी आपली खुर्चीची गाडी ढकलत ओटीवरून भिंतीपाशी आली. चंद्रीला ती बराच वेळ बघत असणार. तिने गाडी सोडली, दोन्ही हात भिंतीला टेकले आणि जीभ बाहेर काढली. जीभ भिंतीपासून बोटभर अंतरावर असताना मेघनाने धावत येऊन तिला उचललं.

तेव्हा कुणालाच हसू आलं नाही. मेघनाने ओवीचं तोंड उघडून पाहिलं, हात धुतले, पुन्हा पाहिलं. काही गेलं नव्हतं. मग तिने ओवीला काकूंकडे दिलं आणि माझ्याकडे वळली.

"काय घातलंत भिंतीत?"

"चुना."

"आणि?"

"मीठ."

"आणि?"

"खळ. जरा जास्त."

"आणि?"

"गूळ."

"हे रंगकाम आहे की नैवेद्य?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. त्यांनी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. चंद्रीला भरपूर पाणी पाजा आणि बांधून ठेवा, असं ते म्हणाले. संध्याकाळी चंद्री वैरण खायला लागली आणि माझा जीव भांड्यात पडला.

भिंतीचा जीव मात्र गेला होता आणि सासूबाई उद्या दुपारी पोहोचणार होत्या. मी म्हणालो, "दुकानातून तयार रंग आणतो, सगळं परत मारू."

"थांबा." मेघना भिंतीसमोर उकिडवी बसली होती. चंद्रीची जीभ जिथवर पोहोचली होती तिथे पांढरा रंग संपत होता. सरळ रेषेत नाही, कमानी कमानींनी. मेघनाने त्या कमानींवरून बोट फिरवलं. "लाटा दिसतात ना?"

मला गाईची जीभ दिसत होती. मी हो म्हणालो.

सकाळी उजाडल्या उजाडल्या तिने खालचा भाग घासून धुतला. गेरू भिजवला, त्यात डिंक आणि कडुलिंबाचं कडू पाणी घातलं. कुंचला म्हणून नारळाच्या काथ्याळ सोडणाचं टोक ठेचून घेतलं. चंद्रीने आखून दिलेल्या कमानींखाली तिने लाल समुद्र भरला, आणि तो सुकल्यावर त्यावर पांढऱ्या होड्या, मासे, काठावर पोफळी काढल्या. एका होडीत एक लहान मुलगी बसवली. मी बादल्या वाहत होतो आणि मधूनमधून नुसता बघत उभा राहत होतो. जिथे मला लाज दिसत होती तिथे या बाईला समुद्र कसा दिसला, हे मला आजही कळलेलं नाही.

सासूबाई आल्या त्या अंगणातच थांबल्या. "प्रशांतराव, ही हौस तुमची?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मेघना म्हणाली, "वरचं पांढरं यांचं. खालचं चंद्रीचं आणि माझं."

सासूबाईंना वाटलं चंद्री ही मेघनाची मैत्रीण. वाढदिवसाला तिला बोलवा, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात सुलभाकाकूंनी मेघनाला गाठलं. त्यांच्या खोल्यांच्या भिंतींवर तसाच समुद्र हवा होता. मेघना कामाला लागली, आणि सुट्टीच्या दिवशी मीही सोबत गेलो. मांडवाखाली बसलेल्या एका पुण्याच्या पाहुण्यांनी चित्राचं फार कौतुक केलं आणि काकूंना विचारलं, "या चित्रकार, आणि ते गृहस्थ कोण? त्यांचे सहायक का?"

"न्हाय न्हाय," काकू घाईघाईने म्हणाल्या, "त्याला रंगाला हात लावायला न्हाय दिलेला. तो गाय धरून बसलाय."