फुगलेल्या फळ्यांचा मिस्त्री

नेपियर टाउनमधल्या आमच्या जुन्या घरात वरच्या खोलीला सागवानी फळ्यांची जमीन आहे. गेल्या उन्हाळ्यात त्या फळ्या ओलीनं फुगल्या आणि मधोमध चक्क कुबड आलं. बाबांनी बाजारातून एक मिस्त्री आणला. त्याचं नाव कोणी विचारलंच नाही.

आल्याआल्या तो पालथा झोपला, जमिनीला गाल लावला आणि एक डोळा मिटून फळ्या न्याहाळू लागला. मग सरपटत सरपटत थेट कूलरपाशी पोचला. टाकी भरायला पाइप लावायचा आणि विसरून जायचं, ही बाबांची सवय. बाबांचा चेहरा उतरला. तेवढ्यात आई वर आली.

"काय झालं, भैया? पाणी कुठून येऊन राहिलं?"

"पुराना मकान है, भाभीजी. दीवार में नमी है," तो गंभीरपणे म्हणाला आणि बाबांना हळूच डोळा मारला.

फळ्या उखडून, वाळवून, रंधा मारून त्यानं पुन्हा बसवल्या आणि तो गेला. तेव्हापासून बाबा न सांगता भाजी आणतात, पंखे पुसतात. मला राहवलं नाही. मी आईला कूलरचं सांगून टाकलं.

आई हसली. "मला त्यानं पहिल्याच दिवशी जिन्यात सांगितलं. म्हणाला, 'भाईसाहब को पता मत चलने देना. डरा हुआ आदमी घर में बहुत काम करता है.'"

"मग आता सांगू या बाबांना?"

"गप बस," आई म्हणाली, "अजून माळा साफ व्हायचाय."