हाडांची वाघीण

गंधराज हे नाव त्यांना यार्डात कोणी ठेवलं ते मला माहीत नाही, पण ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते हे नक्की. त्या माणसाची मला किळस यायची. आता हे दोन्ही लिहून टाकायला हरकत नाही.

माझे यजमान मालगाड्यांच्या यार्डात मास्तर होते. आमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर धुलाईच्या रुळावर उघडायची. रेल्वेतली जुनी माणसं मालाच्या डब्याला वाघीण म्हणतात. हाडं उकळून सरस, म्हणजे चिकट डिंक, बनवणाऱ्या कारखान्यात हाडं, खुरं, शिंगं उतरवून आलेली वाघीण दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या रुळावर उभी राहायची, आणि गंधराज नळी आणि खराटा घेऊन तिच्यात उतरायचे. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. उन्हाने वितळलेली चरबी फळ्यांच्या फटींतून बाहेर ओघळलेली असे, त्यावर धूळ बसून तिची काळी साल झालेली असे, दाराखाली वास मरावा म्हणून मारलेल्या चुन्याचे फटकारे. वास असा, की झाकलेल्या दुधालाही लागावा. मी खिडकी धाडकन लावायचे. त्यांना ऐकू जावं अशी.

शाळेत नन्सनी आम्हाला वळणदार अक्षर, काट्या-चमच्याने जेवणं आणि माणसामाणसांत फरक न करणं शिकवलं. पहिल्या दोन गोष्टी मला चांगल्या जमल्या.

आमच्या वसाहतीच्या सभागृहात छोट्या रेल्वेगाड्या बनवणाऱ्यांचा एक क्लब दरवर्षी प्रदर्शन भरवतो. अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर आहेत, कडक इस्त्रीचे. दोन वर्षांपूर्वी, निवृत्त झाल्यावर, गंधराज तिथे गेले, सगळी टेबलं नीट पाहिली आणि म्हणाले, "साहेब, या सगळ्या आजच कारखान्यातून बाहेर पडल्यात का?"

"म्हणजे?"

"एकीनेही काम केलेलं दिसत नाही."

क्लबातली मंडळी हसली. अध्यक्षांनी कपाटातून एक चपटं पाकीट काढलं. दोन सभासदांनी हात टेकून परत केलेलं होतं ते. "घ्या. दाखवा करून तुमची कामाची वाघीण." ही थट्टा होती. गंधराजांनी पाकीट खिशात घातलं आणि घरी गेले.

पाकिटात पितळेचे तीन पातळ पत्रे होते. वाघिणीचा प्रत्येक भाग आम्लाने कोरून त्यांत सपाट आखलेला: फळ्या, बिजागऱ्या, ब्रेकचा दांडा, सगळं मिळून दीडशेच्या आसपास तुकडे, काही तर भुवईच्या केसाएवढे. ते कापायचे, घडी घालायची आणि कथील वितळवून झाळायचे, म्हणजे एकमेकांना जोडायचे. जिथे घडी घालायची तिथे अर्धवट कोरलेली एक रेघ असते. ती घडीच्या आतल्या अंगाला हवी, आणि घडी एकदाच घालायची. चुकली म्हणून उलटी वाकवली की पत्रा तुटतोच.

पहिल्या महिन्यात त्यांनी ब्रेकचा तुकडा उलटा वाकवला, सरळ करायला गेले आणि तो तुटला. शेवटी एका जुन्या कुलपाचा पत्रा कानशीने घासून त्यांनी नवा तुकडा केला. बाजूच्या पत्र्यांवर रिव्हेटची जागा मागून ठिपक्याने दाखवलेली असते. बोथट सुईने एकेक ठिपका दाबला की पुढे दाण्यासारखा रिव्हेट उठतो. असे तीनशे बावन्न. हात जरा जड पडला की भोक.

हे सगळं मला कळलं, कारण एका सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"बाई, तुमची खिडकी त्या रुळावर होती. बाहेरून वाघीण कशी दिसायची ते सांगाल? मी कायम आतच असायचो."

"मी बघत नव्हते हो. मी खिडकी लावत होते."

"लावता लावता दिसतच असेल की."

मी जुन्या डायऱ्या काढल्या. मी रोज लिहिते, आणि नको तेही लिहिते. वाचून दाखवू लागले. 'मंगळवार. हाडांची गाडी. कडक ऊन, ओघळ पिवळे, खाली पोचेपर्यंत काळे. जेवण गेलं नाही.' ते मान डोलवत होते आणि पाकिटाच्या पाठीवर टिपून घेत होते. मी वाचत गेले, आणि पुढची ओळ काय आहे हे कळायच्या आत ती तोंडातून निघून गेली: 'तो माणूस आमच्या नळावर हात धुऊन गेला. मोलकरणीकडून नळ विटेने घासून घेतला.'

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"हो, आठवतंय," गंधराज म्हणाले. "विटेने घासला की मस्त चकाकायचा. पुढे काय लिहिलंय? पावसाळ्यात ओघळ कसे असायचे?"

त्या दिवसापासून मी त्यांच्या घरी जाऊ लागले. दोन खोल्या, खिडकीशी टेबल, त्यावर भिंग आणि चिमटे. झाळताना आम्लाचा जो धूर उठायचा त्याने घसा खवखवायचा. वर ही माणसं त्यातच चहा पीत होती. वाघीण तयार झाली तेव्हा ती एखाद्या दागिन्यासारखी दिसत होती. मग त्यांनी तिला घाण लावायला घेतली. विटेची पूड, दिव्याची काजळी, राख, मेण, जवसाचं तेल. दोन केसांचा ब्रश. एक ओघळ वाळला की दुसरा. याला पाच महिने गेले.

त्यांची बायको कपाळाला हात लावून म्हणायची, "ऐका बाई. एकतीस वर्षं यांचे कपडे मी वेगळ्या बादलीत धुतले. आता कुठे घर स्वच्छ झालं, तर हे घाण घरी बनवायला लागले. ओघळ म्हणे सुंदर आलाय!"

"सुंदर नाही म्हटलं," गंधराज म्हणाले. "खरा म्हटलं. मी धुतल्यावर ती सगळ्यांनी पाहिली. माझ्याकडे यायची तेव्हा कशी असायची, ते कोणीच पाहिलेलं नाही. सगळ्यांच्या खिडक्या बंद. एकदा लोकांनी बघावं, बस."

वाघीण पूर्ण झाली तेव्हा मला खरोखर मळमळलं. वीतभर लांबीची पितळेची वस्तू, आणि मी नकळत श्वास रोखून धरला होता.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी ती सभागृहात नेऊन दिली. शनिवारी दहा वाजता आम्ही तिघं गेलो. टेबलावर वाघीण लखलखत होती.

"काका, या या!" अध्यक्ष हात पसरून आले. "काय काम केलंयत! मी स्वतः बसून स्पिरिटने पुसून काढली. रिव्हेटन् रिव्हेट मोजून घ्या आता. एवढी कला त्या चिखलाखाली गाडून ठेवली होतीत."

गंधराज वाकून बघत राहिले. पुसताना कापसाचा एक धागा बिजागरीत अडकला होता, तो त्यांनी नखाने काढला.

"तो चिखल मुद्दाम लावलेला होता," मी म्हणाले.

"ते कळलं हो मला, वहिनी. पण इथे लोक बायकामुलांना घेऊन येतात. आपण प्रसन्न वातावरण ठेवतो."

प्रसन्न! मी आयुष्यात खूप घाण पाहिली, बरीच खिडकीआडून. पण त्या माणसाच्या तोंडावरचं समाधान पाहून मला जे वाटलं ते सरसाच्या कारखान्याच्या वासानेही कधी वाटलं नव्हतं. त्याला वाटत होतं, त्याने उपकार केले. आणि ते समाधान मला ओळखीचं होतं, हे त्याहून वाईट. नळ घासून घेतल्यावर मीही अशीच हात झटकून आत गेले असणार.

"पाच महिने!" गंधराजांची बायको म्हणाली. "पाच महिने मी शिव्या घातल्या, पण बोट लावलं नाही. आणि तुम्ही एका फडक्यात!" मग नवऱ्याकडे वळली. "पुड्या आणू का घरून?"

"आण. भिंग पण आण. आणि एक खुर्ची लागेल."

"इथे?" अध्यक्ष गडबडले. "अहो काका, टेबलक्लॉथ पांढरा आहे."

"तो मी धुऊन देईन," मी म्हणाले. "माझ्या हाताने."

शनिवारभर आणि रविवारभर गंधराज त्या खुर्चीवरून उठले नाहीत. पाच महिन्यांचं काम दोन दिवसांत होत नाही. त्यांनी एकच बाजू घेतली. मी शेजारी उभी राहून सांगत होते. "अजून काळं. दाराखाली चुना जास्त असायचा. नाही, फटीतून यायचा ओघळ, फळीवरून नाही." लोक थांबायचे, वाकायचे, आणि काय आहे ते कळलं की तोंडं वाकडी करून पुढच्या टेबलाकडे जायचे. एक बाई म्हणाल्या, "शी, हे कशाला?" गंधराजांनी त्यांना सांगितलं, अगदी सावकाश, खुरं आणि शिंगांसकट. त्या ऐकत थांबल्या, हे मला सांगायलाच हवं. मान वळवली नाही त्यांनी.

रविवारी सहा वाजता दिवे मालवायला सुरुवात झाली. अध्यक्ष टेबलं आवरत आमच्यापाशी आले.

"झालं ना काका आता? उचलायला हवं."

"थांबा, हा शेवटचा ओघळ वाळू दे."

पण अध्यक्षांना घाई होती. त्यांनी वाघीण दोन बोटांत धरून खोक्यात ठेवली. रंग कधीचाच कोरडा झाला होता, ओघळही जवळजवळ वाळलाच होता. बोटाला काही लागणं शक्य नव्हतं. तरी खोकं बंद करताच अध्यक्षांनी ती दोन बोटं आधी पँटवर पुसली, मग नाकाशी नेली, मग पुन्हा पुसली.

गंधराज पाहत होते. त्यांनी ब्रश तेलात बुडवून साफ केला आणि बायकोकडे बघून म्हणाले, "चल. झाली."