पास्कूचा चेहरा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही. पण आता आत ठेवणं होत नाही.

मालवणात मी घरीच जुने फोटो साफ करून देते. मऊ ब्रशने धूळ झाडायची, बुरशी असली तर फोटो आधी पुरता सुकू द्यायचा, आणि पाणी — पाणी चेहऱ्याजवळ न्यायचंच नाही. हे मी चार जणींना शिकवलंय. मग त्या दिवशी काय झालं होतं मला?

शेजारच्या आंजेलीनमावशीने तिच्या पास्कूचा फोटो आणून दिला. लहानपणीच तापाने गेलेला मुलगा. त्याचा हा एकच फोटो, तिच्या घरातल्या ओल धरलेल्या भिंतीवर टांगलेला असायचा. कडांना बुरशी होती, गालावर एक ठिपका. पण चेहरा स्वच्छ दिसत होता — हे मला सांगायलाच हवं.

आम्हाला तळेऱ्याला लग्नाला जायचं होतं. नवरा गाडीत बसून हॉर्न वाजवत होता. एवढा ठिपका काढते आणि निघते, म्हटलं. कापूस ओला करून फिरवला. निघेना. मी घासलं. वरचा थर फुगला आणि सुटला. डोळे, हसू — सगळं कापसावर काळपट होऊन आलं.

कापूस मी कचऱ्यात खाली दडपला. लग्नाला गेले. जेवलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मावशी आली. फोटो उजेडात धरून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ओल्या भितीर लावललंय मी. म्हणान गेलो काय गो?"

नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? मी म्हटलं, "होय मावशे. ओलीन कुजललो. हात लावताच झडलो."

ती रागावली असती तर — पण उलट तिनेच माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यानंतर जो भेटेल त्याला सांगायची, माझ्याच हातान माझो पोर पुसललो. किती वर्षं! कुंपणापलीकडून मला ऐकू यायचं. मी काय करायची? सणाला करंज्या पाठवायची.

गेल्या उन्हाळ्यात मावशी वारली. माती देऊन आल्यावर तिची मुलगी अंगणात बायकांना सांगत होती, "आवशीक शेवटपर्यंत तोच घोर. कित्याक लावल्यान तो फोटो थंय?" मग माझ्याकडे वळली, "काकी, तू बघललंस ना गो? भितीच्या ओलीनच गेललो ना?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मावशी आता ऐकणार नव्हती. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं.

मी होय म्हटलं.