बाहेरून घातलेली कडी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवालाही नाही — त्याच्यापुढे दिवा लावायचा आणि तोंड चुकवायचं, एवढंच जमलं. आज तुम्हाला सांगते. मध्येच उठून जाऊ नका हं.

यमू वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. पहिलं बाळ गेलं आणि त्यांची वाचाच बसली. सासरच्यांनी त्यांना चौलला, आमच्याकडे आणून सोडलं — बरी झाली तर नेऊ, म्हणाले. अलिबागच्या डॉक्टरांनी औषध दिलंच नाही. कोंडून ठेवू नका, उघड्यावर अंगमेहनत करू द्या, एवढंच सांगितलं. सासूबाई चिडल्या, हे कसलं मेलं औषध! पण वन्संना वाडीत शिंपण्याला लावलं. रहाटाचं पाणी पाटाने यायचं. पोफळीचं एक आळं भरलं की पायाने माती ओढून त्याचं तोंड बंद करायचं, पुढचं उघडायचं. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, चिखलात! हळूहळू त्या जेवायला लागल्या, झोपायला लागल्या. मग झाडांशी बोलू लागल्या. मग माझ्याशीही. थट्टासुद्धा करायच्या — वहिनी, तुमच्यापेक्षा ही पोफळ बरी, उलट बोलत नाही!

मला आनंद झाला नाही का? झाला हो. पण माझ्या मुलीला बघायला मुंबईची मंडळी यायची होती. रेवदंड्याला बोटीतून उतरणार आणि आमच्या वाडीतूनच घराकडे येणार. त्यांना पहिली कोण दिसणार? — चिखलात उभी राहून झाडांशी गप्पा मारणारी मुलीची आत्या! घरात वेड आहे म्हटल्यावर कोण सून करून नेईल?

तेवढा एक दिवस आत राहा, असं वन्संना सांगता आलं असतं. राहिल्या असत्या बिचाऱ्या. पण त्या पुन्हा बाहेर दिसायलाच नकोत, असं माझ्या मनाने घेतलं. मी सासूबाईंकडे गेले आणि म्हटलं — कशी जीभ रेटली माझी! — वन्सं विहिरीत वाकल्या होत्या, मी ओढलं म्हणून वाचल्या.

खोटं. साफ खोटं.

सासूबाईंनी त्यांना समोर उभं केलं. वन्सं शांतपणे, अगदी नीट बोलल्या, "आई, मी नव्हते वाकले. वहिनींना विचार." सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी म्हणाले, "वेड्या माणसाला काय आठवणार?"

माजघराशेजारच्या खोलीत त्यांना घातलं. बाहेरून कडी मीच लावली. मुलीचं लग्न ठरलं, झालं, ती नांदायला गेली. तेव्हा तरी खरं बोलायचं — नाही बोलले. घरात माझ्या शब्दाला मान होता ना, तो गेला असता. वन्संचे यजमान एकदा आले, दारातूनच बघून गेले आणि त्यांनी दुसरं लग्न केलं. वन्सं पुन्हा कधी बोलल्या नाहीत. मी रोज ताट आत ठेवायची, त्या भिंतीकडे तोंड करायच्या. लाज वाटायची मला. तरी कडी लावायची.

त्या गेल्या तेव्हा आळीतल्या बायका जमल्या. नणंदेचं एवढं कोण करतं, धन्य आहे हो तुमची, म्हणाल्या. मी पदर डोळ्यांना लावला आणि मान डोलावली.