वाळूचा बंधारा

कडावच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचो. निवृत्त झाल्यावर एका संस्थेने मला पळसदरीपलीकडच्या डोंगरातल्या एका आदिवासी वाडीचा पाण्याचा आराखडा लिहायला बसवलं. पाऊस लहरी झालाय, तेव्हा पुढचं काय ते वाडीनेच एकत्र बसून ठरवावं, असा बेत होता. वाडी बसली, म्हणजे पुरुष बसले. बायका पाण्याला गेल्या होत्या. मी झोकात नकाशा काढला आणि विहिरीभोवती निळं वर्तुळ ओढलं.

शिमगा झाल्यावर केनियाहून एक पाहुणी आली. तिच्या कोरड्या मुलखात तीही गावोगाव असेच आराखडे करायची. दुभाषा अर्थात मी. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. नकाशा बघून तिने पहिलाच प्रश्न केला, "आज सकाळचं पाणी कुठून आणलं?"

मी ऐटीत विहिरीवर बोट ठेवलं. मागे बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"गुरुजी, त्या हिरीत होळीपासून बेडूक पन नाय," त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली. "आमी वढ्यातल्या डवऱ्यावरनं आनतो. तुमी कवा इचारलंत?"

मी भाषांतर केलं, फक्त शेवटचं वाक्य गाळलं.

"बाई याहून जास्त बोलल्या," पाहुणी म्हणाली. मग तेही सांगावं लागलं.

सगळे ओढ्यावर गेलो. डवरा म्हणजे ओढ्याच्या तळात हाताने उकरलेला खड्डा. त्यात झिरपलेलं पाणी वाटीने हंड्यात भरायचं. पाहुणीने चपला काढल्या, खड्ड्याशी उकिडवी बसली आणि कुणाला न विचारता वाटी उचलून भरायला लागली. तिच्या आईने जन्मभर हेच केलं होतं म्हणे. आमच्याकडे पावसाळ्यात किती पाऊस कोसळतो ते मी सांगितलं, तेव्हा तिला वाटलं माझं इंग्रजी चुकतंय.

"पाऊस पावन्यासारखा येतो न् जातो गं," म्हातारी तिला म्हणाली. "ऱ्हात नाय."

मग पाहुणीने तिच्या गावचा उपाय सांगितला आणि मी छातीठोकपणे भाषांतर केलं, "त्यांच्याकडे वाळूचा बंधारा बांधतात."

बायका पोट धरधरून हसल्या. "वाळूचा? पयल्याच पुराला जाईल की तो, गुरुजी!"

पाहुणीला काय बिनसलं ते कळलं असावं. तिने एका घमेल्यात काठोकाठ वाळू भरली, वर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी दिसेनासं झालं. मग वाळूत एका कडेला बोटाने खोल खळगा केला, आणि त्यात हळूहळू पाणी जमलं. म्हातारीने खळग्यात बोट बुडवून बघितलं.

"म्हंजे भित दगडाची," ती सावकाश म्हणाली. "तिच्यामागं वाळू आडवायची, न् वाळूच्या पोटात पानी. ऊन लागनार नाय."

पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवून मला जे जमलं नाही, ते घमेल्याने केलं.

जागा बायकांनी ठरवली. पुरुषांना ती अडचणीची वाटली, पण हंडे त्यांच्या डोक्यावर नसल्याने फार ताणलं नाही. सिमेंट ग्रामपंचायतीने दिलं, दगड ओढ्यातलेच. गुडघाभर उंचीची भिंत पावसाआधी उभी राहिली. पावसाळ्यात तिची एक बाजू फुटली, पण उरलेल्या भिंतीमागे वाळू साठली. पुढच्या वैशाखात डवऱ्याला एरवीपेक्षा जास्त पाणी होतं. फार नव्हे, पण दुपारची एक खेप वाचली.

मी वाडीतूनच पाहुणीला फोन केला. ती खूश झाली आणि तिने लगेच विचारलं, "फुटलेली बाजू कधी बांधताय?"

"ठरतंय," मी म्हणालो, आणि शेजारी बसलेल्या म्हातारीला तिचा प्रश्न सांगितला.

"सोमवारी म्हनून सांगा तिला. आनि गुरुजीबी दगड उचलनार हायेत!"

सोमवारी मी तीन दगड उचलले. चौथ्याला कंबर धरली, तेव्हा बायकांनी मला सावलीत बसवून कोरा चहा दिला आणि पुन्हा कामाला लागल्या.