आप्पांचं उत्पन्न

एसटी वळणावर दिसली तशी मायनं माझ्या पिशवीची गाठ पुन्हा एकदा सोडून बांधली. दादानं ट्रंक टपावर चढवली. आप्पा मात्र रस्त्याच्या पलीकडं लिंबाखाली उभे होते, हात मागं बांधून, जसं काही त्यांचं या गाडीत कुणीच चाललेलं नाही. गाडी हलायला लागली तेव्हा ते पुढं आले, पण माझ्याकडं नाही, कंडक्टरकडं. म्हणाले, "पाटलाची पोरगी हाय. औरंगाबादला स्टँडवर नीट उतरवा." कंडक्टर म्हणाला, "स्टँडवर समदेच उतरतेत, पाटील." गाडीतली माणसं हसली. मी हसले नाही अन् खिडकीतून आप्पांकडं बघितलंही नाही. मला त्यांचा इतका राग आला होता की मी दुसऱ्या बाजूची शेतं बघत बसले. अशी मी घरातून निघाले.

माझ्याबरोबर कॉलेजला असलेल्या काहीजणी आता कॅनडात अन् कुठं कुठं आहेत. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या देश सोडल्याच्या आठवणी टाकतात, बर्फाचे फोटो टाकतात. मी माझं लिहिलं तर म्हणतील, वेरूळच्या पलीकडून औरंगाबादला यायचं, त्याला कसलं आलंय स्थलांतर? आता तर शहराचं नावही बदललं, तुझं गाव मात्र तिथंच आहे. हसा बायांनो, हसा. तासाभराच्या रस्त्यावर माणूस जे मागं टाकून येतं, ते विमानात बसूनही टाकता येत नाही. अन् दादा, वहिनी, हे तुमच्यासाठीही लिहितेय. तुम्हाला बरंचसं माहीत आहे. शेवटचं मात्र मी तुम्हालाही सांगितलं नव्हतं.

आमचे आजोबा निजामाच्या राज्यात पाटील होते. पोलीस ॲक्शन झालं, राज्य गेलं, पुढं वतन गेलं, जमीन भावाभावांत वाटून आमच्या वाट्याला एक खडकाळ तुकडा आला. राहिलं काय, तर ताठा. तो सगळाच्या सगळा आप्पांच्या वाट्याला आला. घरात भाकरीवर ठेचा असायचा, पण आप्पा पारावर बसले की तूप कमी पडलं म्हणून मायच्या नावानं तक्रार सांगायचे. आम्हाला हसू यायचं तेव्हा.

बारावीला मला चांगले मार्क पडले. कॉलेजात फी माफी मिळत होती, पण त्याला उत्पन्नाचा दाखला लागायचा. आमचं उत्पन्न खरं सांगितलं असतं तर दाखला डोळे झाकून मिळाला असता. आप्पांनी तलाठ्याला निरोप धाडला. तलाठी आला तो नेमका कधी, तर दादाला बघायला कन्नडकडचे सोयरे ओसरीवर बसले होते अन् पोह्यांच्या बशा हातात होत्या. तलाठी बिचारा सरळ माणूस. त्यानं कागद काढला अन् विचारलं, "आप्पासाहेब, वर्षाचं उत्पन्न किती धरू?"

मी अन् माय दाराआड उभ्या होतो. आप्पांनी एकदा सोयऱ्यांकडं बघितलं, एकदा तलाठ्याकडं. मग म्हणाले, "आता मी काय सांगू? विहिरीला बारमाही पाणी हाय. मोसंबीची बाग हाय. धरा की त्या हिशेबानं." मोसंबीची बाग म्हणजे विहिरीच्या काठची चार वाळकी झाडं. तलाठ्याला ते माहीत होतं. तो पेन उचलून म्हणाला, "पाटील, पोरीच्या फीचं हाय म्हणून इचारतो." आप्पा म्हणाले, "आमच्या पोरीच्या फीला सरकारची माफी कशाला लागती?"

सोयऱ्यांच्या माना डोलल्या. दादाचं लग्न तिथंच ठरलं. वहिनी आली ती इतकी गुणाची निघाली की त्या खोट्याबद्दल घरात उघड तक्रारही करता येईना. अन् माझ्या दाखल्यावर असं उत्पन्न आलं की कॉलेजातला कारकून म्हणाला, "ताई, तुम्हीच आम्हाला काहीतरी मदत करा."

माय लई रडली. दाखला बदलून आणा म्हणाली. आप्पांनी एकच लावून धरलं, "सोयऱ्यांचा पाव्हणा तहसिलीत हाय. उद्या त्याच्या कानावर गेलं तर पोराचं लगीन मोडंल. अन् पाटलाचा शब्द बदलत नसतो." पहिल्या सहामाहीची फी मायनं शेळ्या विकून भरली. दिवाळीनंतरची फी कुठून येणार, ते कुणालाच माहीत नव्हतं. नाही जमली तर परत यायचं, अन् परत आले की माझंही लग्न उरकायचं, असं घरात ठरलं होतं. मी एसटीत बसले ती हे घेऊन.

माय शाळेत गेली नव्हती, पण विचार कसा वाढवायचा हे तिला कळायचं. ती म्हणायची, "इचार अन् मटकी एकच. आज भिजवायची, फडक्यात बांधायची, मोड आले तरच खायची. कच्चीच कुणी खातं का?" मी शनिवारी गावी आले की रात्री चुलीपुढं ज्याला जे सुचलं ते त्यानं बोलायचं. त्यावर कुणी हो म्हणायचं नाही, नाय म्हणायचं नाही, अन् जो हसेल त्यानं भांडी घासायची. जे काय म्हणायचं ते सकाळी. सकाळपर्यंत निम्मे विचार आपोआपच सडलेले असायचे. जे टिकले ते मग एखाद्या अशा माणसाला दाखवायचे, ज्याला त्यात ना नफा ना तोटा. आप्पा भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे. झोपलेले नसायचे.

दादा म्हणाला, लेण्यांपाशी सीताफळं विकू. सकाळी त्याचा तोच म्हणाला, "तिथं अख्खं वेरूळ सीताफळं विकतंय, माझी कोण घेतंय?" मी म्हटलं, शहरात पोरांच्या शिकवण्या घेते. पण माझी भाषा ऐकून शहरातल्या आया पोरं पाठवायच्या नाहीत, हे मलाही कळत होतं. मग माय म्हणाली, गोधडी. दादा एक गोधडी घेऊन लेण्यांपाशी जाऊन बसला. एका गोऱ्या बाईनं ती उलगडली, गालाला लावली, अन् हातातली बॅग दाखवून परत ठेवली. दादानं घरी येऊन सांगितलं, "आवडती त्यांना, पण न्यावी कशी? त्यांना मुठीत मावंल असं पायजे." दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, जाऊ दे, फसलं. मायनं ते पुन्हा भिजत घातलं.

मी तेव्हा गुलमंडीच्या मागं दोन मुलींबरोबर खोली करून राहत होते. येता-जाता एका म्हाताऱ्या चाचांचं हिमरूचं दुकान लागायचं. हिमरू म्हणजे आमच्या औरंगाबादची ती रेशमी विणीची शाल, वेलबुट्टीची. दुकानाच्या कोपऱ्यात कातरलेल्या तुकड्यांचा ढीग पडलेला असायचा. मी धीर करून विचारलं, तर चाचा म्हणाले, "ले जाव बेटा, यहाँ पड़े पड़े चूहेच खा रैं." मी पिशवी भरून गावी नेली. मायनं ते तुकडे मांडीवर पसरले, कितीतरी वेळ नुसता हात फिरवला अन् म्हणाली, "याचा बटवा चांगला व्हईल गं." पान-सुपारीचा, नाडीचा बटवा. पहिला बटवा मी चाचांनाच दाखवला. त्यांनी तो फिरवून फिरवून बघितला. म्हणाले, "काम अच्छा है. मगर ये अंग्रेज लोगां सुपारी कहाँ खाते? मूँ बड़ा रखो, कॅमेरे की रील जाना इसमें."

झालं! बटव्याचं तोंड मोठं झालं अन् दादाचे बटवे लेण्यांपुढं जायला लागले. गळ्यात कॅमेरा अडकवलेली माणसं दोन-दोन घ्यायची. दादा तिथं वन पीस, टू पीस, बेस्ट कलर असलं इंग्रजी शिकला, ते अजून नातवंडांना ऐकवतो. दिवाळीनंतरची फी भरली गेली, पुढच्या वर्षीचीही भरली गेली, अन् माझं परत जायचं टळलं.

अन् आप्पा? त्यांनी बटवा कधी हातात धरला नाही. माय मागच्या खोलीत शिवायची, पुढं कुणी आलं की आप्पा ते दार ओढून घ्यायचे. पारावर मात्र सांगायचे, "मोसंबी इकून पोरीला शिकवतोय. पोरगी कॉलेजात हाय, औरंगाबादला." हे मला कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी मायला म्हटलं, तू डोळे फोडून शिवतीस अन् नाव मोसंबीचं? माय दातानं दोरा तोडत म्हणाली, "सांगू दे गं. त्यांच्याकडं दुसरं हाय काय?"

मला नोकरी लागली त्याच वर्षी माय गेली. माझ्या पहिल्या पगाराचं लुगडं तिच्या अंगावर पडलं ते तसं. ते लिहवत नाही, म्हणून लिहीत नाही.

मी औरंगाबादलाच, उस्मानपुऱ्यात राहायला लागले. लग्न झालं, फ्लॅट झाला, लिफ्ट आली, किचनमध्ये आरओ आला. कॉलेजात शिकवते. स्कॉलरशिपचे ऑनलाइन फॉर्म भरायला मुलं माझ्याकडं येतात, अन् त्यांच्यातही एखादा असतोच, जो मित्रांसमोर वडिलांचं उत्पन्न सांगायला लाजतो. मी त्याला बाजूला घेऊन बसते. माझ्या बोलण्यातलं "व्हय" अन् "नाय" कधी गळून पडलं, मलाही कळलं नाही. आप्पा माझ्या घरी कधी राहिले नाहीत. यायचे, पाणी प्यायचे, "लिफ्टीत जीव घाबरतो" म्हणायचे अन् संध्याकाळच्या गाडीनं परत. मी पण आग्रह करायचे नाही. इतक्या वर्षांत त्या दाखल्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, अन् मीही विचारलं नाही.

मग आप्पांच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन इथंच करायचं ठरलं. माझा मुलगा त्याच वर्षी बारावी झाला होता, त्याला पुण्याला इंजिनीअरिंगला ॲडमिशन मिळाली होती अन् घरात रोज फी, होस्टेल, एज्युकेशन लोन हेच चालायचं. आप्पा पहिल्यांदाच माझ्याकडं राहिले होते, चार दिवस हॉलमधल्या दिवाणावर पडून ते सगळं ऐकत होते. मला वाटायचं, डोळा लागलाय.

दवाखान्यात आप्पांना नावनोंदणीच्या खिडकीपुढच्या बाकावर बसवून मी गाडी पार्किंगला लावायला गेले. परत आले तर ते एकटेच उठून खिडकीशी उभे होते. मागं ही रांग. गावाकडचे दोन ओळखीचे लोकही त्यात होते. आतल्या माणसानं विचारलं, "सवलतीत करायचं का? उत्पन्न किती, बाबा?"

आप्पांनी टोपी काढली. मी जन्मात त्यांना चारचौघांत टोपी काढताना बघितलं नव्हतं. म्हणाले, "काय बी नाय साहेब. खडकाळ रान हाय. गरीब माणूस हाय मी."

"मुलं काय करतात?"

"पोरगा रानात राबतो."

"अन् मुलगी?"

मी त्यांच्या मागं हातभर अंतरावर होते. खांद्याला पर्स, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. आप्पा म्हणाले, "पोरगी अडाणी हाय, साहेब. शिकवलीच नाय. परिस्थितीच नव्हती."

मला वाटलं, यांना भ्रम झालाय. मी पुढं झाले अन् सगळ्यांदेखत म्हटलं, "मी यांची मुलगी. प्राध्यापक आहे. सवलत नको, पूर्ण बिल लिहा." आतल्या माणसानं आप्पांकडं बघितलं ते चोराकडं बघावं तसं. रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "काय म्हातारा हाय!" आप्पांनी टोपी घातली.

वॉर्डात ते कॉटवर पडल्यावर मी विचारलं, "आप्पा, असं का सांगितलंत?" म्हणाले, "तुझ्या पोराच्या फीला राहिलं असतं ना बाय तेवढं." मग तोंड फिरवून म्हणाले, "तुमी समदे चुलीपुढं बोलायचे, मला तवा काईच सुचलं नाय. ह्येच एक सुचलं व्हतं. लई दिस इचार केलता म्या. तू घाण केलीस."

मी त्यांचे पाय दाबत बसले. वर्षानुवर्षं ज्या ताठ्याचा मी राग केला, तो त्यांनी माझ्या पोरासाठी त्या खिडकीवर काढून ठेवला होता, अन् मी तो पूर्ण बिलासकट परत केला. ऑपरेशन झालं, पण आप्पा उठले नाहीत. गावी नेलं ते ॲम्ब्युलन्समधून.

दादा, आता गावात तुझं घर आहे, उस्मानपुऱ्यात माझं आहे, पोरगा पुण्याहून परदेशात गेलाय, त्याचं तिकडं असेल. सगळीकडं मला मॅडम म्हणून, आत्या म्हणून, आई म्हणून मान आहे. पण माझ्या भल्यासाठी टोपी काढून, माझ्यासमोरच मला अडाणी म्हणणारं माणूस आता कुठल्याच घरात नाही, अन् घरी जावंसं वाटतं तेव्हा मला त्याच्याकडंच जावंसं वाटतं.