बोलत येतंय ते घरचं

"कपिली उतरली न्हाय," गुराखी रामा अंगणात हळूच म्हणाला.

आत खाटेवरून डोंगरआत्याने विचारलं, "व्याली व्हय?" तापाने तिचा आवाज पार बसला होता. मला त्या आवाजाचीच भीती वाटली.

वडिलांची ही थोरली बहीण गारगोटीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत राहायची. तिच्या गाई दावणीला बांधलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. त्या डोंगरात मोकळ्या हिंडत, मनात आलं तर संध्याकाळी उतरत. श्रावण-भादव्यात गवत मातलं की माजावर येत आणि वैशाखात एकामागून एक वीत. कोल्हापूरच्या माझ्या कॉन्व्हेंटला सुट्टी लागे तीही तेव्हाच. "पावसाच्या आत वासरू पायावर उभं राहाय पायजे," आत्या म्हणे. "गाईला ते कळतंय."

व्यालेली गाय वासरू करवंदीच्या जाळीत लपवायची आणि जवळ येईल त्याला शिंगांवर घ्यायची. रामाची मांडी कपिलीनेच फाडली होती. आत्या मात्र निर्धास्त जायची. अंगावर तेच जुनं घोंगडं आणि तोंड अखंड सुरू. गावातल्या लग्नांपासून भावजयीच्या पाणचट चहापर्यंत सगळं ती गाईला सांगायची. "गप येतोय तो वाघ. बोलत येतंय ते घरचं माणूस," असं म्हणून ती, वर्गातही तोंड न उघडणाऱ्या माझ्याकडे बघून हसायची, "तू बी वाघच की गं."

कोल्हापूर संस्थान विलीन झालं तो हा उन्हाळा, आत्याचा शेवटचा. आठवडाभरात बिबट्याने दोन वासरं नेली होती आणि दिवस कलत होता. आत्या उठायला गेली आणि भिंतीला धरून खाली बसली. आपला नुसता वास आला तरी कपिली धावून येईल, असं रामा म्हणाला. आत्याने खांद्यावरचं घोंगडं काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

ते पांघरून मी डोंगर चढले; रामा खालच्या बांधापाशी थांबला. जाळीसमोर कपिली मान खाली घालून उभी होती. तिच्यामागे काहीतरी ओलं, तांबूस हललं. पळाले तर ती गाठणार होती, थांबले तर अंधार. मी घोंगडं अंगाभोवती ओढून घेतलं. तिने खुराने माती उकरली.

"कपिले," मी म्हणाले. आवाज फुटका आला, पण तिचे कान हलले. मग मी थांबलेच नाही.

"आत्याला बरं न्हाय गं. म्हणून मी आलेय. पोराला घेऊन चल, ती दारात बसलीय."